डालग्याखाली

फोनवर तू हसलास. मनोरीत कसली थंडी, कात्रीन?
तुझ्या बोटीच्या कठड्यावरून बर्फ खरवडतात म्हणे फावड्याने,
आणि मी इथे चौदा अंशांचं कौतुक सांगते.
चौदाच.
पण पहाटे खाडीकडे मतलई सुटतो ना,
तो अंशांत मोजायचा नसतो.
मागच्या डिसेंबरात सात तलंगा घुरघुरत गेल्या.
तुला नाही आठवणार, तू तेव्हा सुएझला होतास.

म्हणून यंदा त्यांना तुझ्या फुलघरात ठेवलंय.
हो, त्याच.
तुझ्या जरबेराच्या.

चिडू नकोस, आधी ऐक.
कमानी शाबूत आहेत, सगळ्या सहा.
प्लास्टिक दोन ठिकाणी फाटलं होतं, इनासने चिकटपट्टी मारून दिली
आणि बदल्यात डझनभर अंडी नेली, मोठी मोठी निवडून.
वाफ्यांवर वीतभर भाताचं तूस पसरलं.
ठिबकच्या नळ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या,
तुझ्या वहीसोबत, जिच्यात तू
दादरच्या बाजारात जुडीमागे काय सुटलं ते लिहायचास
आणि शेवटी शेवटी नुसती तारीख.

पहिल्या रात्री सगळं कडेकोट बंद केलं.
वाटलं, ऊब म्हणजे बंद दार.
सकाळी आत शिरले तर डोळे झोंबले.
छतावरून टपटप, एकोणतीस जणींचे श्वास
गार होऊन त्यांच्याच पाठीवर पडत होते.
तेव्हा कळलं, वरची पट्टी रात्रभर उघडी हवी.
वारा डोक्यावरून जावा, अंगावरून नाही.
(तुझ्या बाबांनी हे एका वाक्यात सांगितलं असतं,
पण आधी हसले असते. तुझ्यासारखेच.)

दुपारी उलटा कारभार.
बाराला आत वैशाख. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे.
मग बाजूचे पडदे वर खोचते, लुगडं खोचावं तसे,
आणि मीही तिथेच बसते पाय पसरून,
तांदळातले खडे त्यांच्याच पुढ्यात टाकत.
उजेड मात्र त्यांना मानवला.
खुराड्यात पाच मिळायची, आता चौदा.
हे चौदा तरी हसण्यावारी नेऊ नकोस.

नाताळच्या रात्री मिस्सेला जाताना
पोरं कुंपणापाशी थांबली.
आत एक पिवळा दिवा, प्लास्टिक दुधासारखं,
त्यावर माना खाली-वर होणाऱ्या सावल्या.
रोझलीनची धाकटी म्हणाली, मावशी,
गोठा एवढा मोठा केलास, मग बाळ कुठाय?
मी म्हटलं, बोटीवर आहे.
उगाच म्हटलं. तोंडातून गेलं.

आता खरं सांगायचं ते.
मंगळवारी दाराजवळच्या कोपऱ्यात त्या उकरत होत्या,
तिथून पानं वर आली, कातरलेल्या कडांची.
तण म्हणून उपटणारच होते,
तर मधोमध कळी. वालाच्या दाण्याएवढी.
तांबडीने एक चोच मारून झालीच होती.
हाताशी दुसरं काही नव्हतं, पिलांवर झाकायचं डालगं होतं.
तेच पालथं घातलं, वर वीट ठेवली.
आता फूल कोंडलेलं,
आणि कोंबड्या मोकळ्या, डालग्याभोवती फिरतात
एक एक डोळा फटीला लावून.

रंग अजून कळत नाही.
वहीत पाहिलं, त्या कोपऱ्यात काय लावलंस
ते लिहिलेलं नाही. आठवलं तर सांग.
शिमग्याला मी त्यांना बाहेर काढीन,
त्यानंतर आत कुणी टिकायचं नाही.
तूस काळं, भुसभुशीत झालंय, मुठीत धरलं की गरम लागतं.
ते विकू, की वाफ्यातच राहू दे?

एवढंच विचारायचं होतं.
इनासला कालच नाही म्हणून ठेवलंय.